दक्षिण फ्रान्समधले डोंगरी किल्ले आणि जुने मठ: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पॅरिस बघून झालंय, स्वित्झर्लंडही झालंय, आणि आता जरा आडवाटेला जायचंय असं म्हणणाऱ्या, त्यातही किल्ल्यांचं वेड असणाऱ्या मंडळींसाठी हा लेख. फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज पर्वताच्या अलीकडे, कार्कासॉन शहराच्या अवतीभवती द्राक्षमळ्यांचा आणि चुनखडीच्या डोंगरांचा मुलूख आहे. त्यातल्या एका मोठ्या डोंगराळ पट्ट्याला कोर्बिएर म्हणतात. इथल्या कड्यांवर तेराव्या शतकातले पडके किल्ले आहेत आणि खालच्या दऱ्यांत त्याहूनही जुने ख्रिस्ती मठ.

बहुतेक लोक एकतर किल्ले चढतात आणि मठ सोडून देतात, नाहीतर मठ बघतात आणि किल्ल्याचा फोटो खालूनच काढतात. माझं म्हणणं असं की दोन्ही जोडीने बघावेत. ज्या लढाईमुळे हे किल्ले गाजले ती सुरू झाली मठातल्या माणसांपासून.

निघण्याआधी एवढा इतिहास हवाच

बाराव्या शतकात या भागात कॅथार नावाने ओळखला जाणारा पंथ रुजला. हे डोळ्यांना दिसणारं जग वाईट शक्तीने घडवलंय, अशी त्यांची धारणा. त्यांच्यातले दीक्षा घेतलेले स्त्री-पुरुष मांस, अंडी, दूध वर्ज्य करत. मासे मात्र चालत. (गोव्या-कोकणातल्या वाचकांना यात काही वावगं वाटणार नाही.) या लोकांना चर्चच्या वाटेवर परत आणायला पोपने सिस्टर्शियन पंथाचे संन्यासी धाडले. त्यांतला पिएर द कास्तेलनो हा नार्बोनजवळच्या फोंफ्रुआद मठाचा. जानेवारी 1208 मध्ये त्याचा खून झाला आणि पोप तिसरा इनोसंट याने धर्मयुद्ध पुकारलं. जुलै 1209 मध्ये बेझिए शहरात कत्तल झाली. ऑगस्टमध्ये कार्कासॉन पडलं आणि तिथला तरुण सरदार रेमों-रोजे त्रांकावेल काही महिन्यांतच कैदेत मेला.

युद्ध कागदावर 1229 साली संपलं. डोंगरातले किल्ले त्यानंतरही आसरा देत राहिले. मोंसेग्यूर 1244 मध्ये पडला, केरिब्यूस 1255 मध्ये. 1258 साली फ्रान्सचा राजा नववा लुई आणि आरागॉनचा (आजच्या स्पेनमधल्या राज्याचा) राजा यांच्यात तह होऊन सरहद्द नेमकी या डोंगरांवरून गेली. मग फ्रान्सने आगिलार, तेर्म, पेरपेर्त्यूज, केरिब्यूस आणि पुइलोरांस या पाच किल्ल्यांची नव्याने बांधणी केली. त्यांना कार्कासॉनचे पाच पुत्र म्हणतात. 1659 मध्ये सरहद्द आणखी दक्षिणेला सरकली आणि किल्ल्यांचं कामच संपलं.

आता यातली मेख लक्षात घ्या. रस्त्यावरच्या फलकांवर आणि माहितीपत्रकांवर सगळीकडे ‘कॅथार किल्ले’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात आज उभ्या असलेल्या भिंती बहुतांशी राजाने नंतर बांधलेल्या आहेत. म्हणजे कॅथार लोकांना ज्यांनी संपवलं, त्यांच्या. हे एकदा कळलं की गडावर उभं राहून आपण काय बघतोय याचा घोळ होत नाही.

कधी जायचं

एप्रिलचा शेवट ते जून, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. मे-जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवस भरपूर मिळतो. जुलै-ऑगस्ट टाळता आला तर टाळा. उघड्या चुनखडीवर दुपारचं ऊन भाजून काढतं, सावली जवळपास नाही, आणि वणव्याचा धोका म्हणून डोंगरवाटा बंद ठेवल्या जातात. ऑगस्ट 2025 मध्ये याच कोर्बिएरमध्ये सुमारे 16 हजार हेक्टर रान जळालं. तेव्हा उन्हाळ्यात गेलातच तर त्या दिवशी वाट खुली आहे का, हे सकाळी हॉटेलात विचारूनच निघा. हिवाळ्यात, विशेषतः जानेवारीत, बरीच ठिकाणं काही आठवडे बंद असतात.

पाऊस इथे फारसा आडवा येत नाही, वारा येतो. वायव्येकडून सुटणारा हा वारा कधी कधी इतका जोरात असतो की केरिब्यूस आणि पेरपेर्त्यूज सरळ बंद करतात. वादळी पावसातही तेच. तिकीटखिडकीवर वाद घालून उपयोग नाही. कड्यावरच्या पायऱ्यांवर माणूस खरंच हेलपाटतो. म्हणून किल्ल्याचा दिवस कधीही सहलीच्या शेवटी ठेवू नका. एखादा दिवस इकडचा तिकडे करता येईल अशी मोकळीक हवी. वाऱ्याच्या दिवशी मठ करावा, हे सगळ्यात सोयीचं.

कसं पोचायचं

तुलूझपर्यंत विमान किंवा पॅरिसहून रेल्वे, आणि तुलूझहून रेल्वेने तासाभरात कार्कासॉन. इथपर्यंत काही अडचण नाही. पुढे मात्र गाडी लागतेच. कोर्बिएरमधल्या गावांना बस तुरळक आहे. ती शाळेच्या वेळेला धरून धावते आणि रविवारी तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

भाड्याची गाडी घेताना भारतातल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट ठेवा. ते आपल्या आरटीओत मिळतं आणि एक वर्ष चालतं. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुकिंग करतानाच तसं सांगा, नाहीतर गिअरवाली मिळेल आणि गिअर उजव्या हाताला असेल. गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची. गावात फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, मग तो बोळातून येणारा ट्रॅक्टर का असेना. आणि पेट्रोलपंपावर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: ‘गाझोल’ लिहिलेल्या नळीतून डिझेल येतं. नावाला फसून पेट्रोलच्या गाडीत ते भरलं तर सहल तिथेच संपते. डोंगरात पंप कमी आहेत, त्यामुळे टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी.

गाडी चालवायची नसेल तर कार्कासॉनहून मिनीबसच्या एक दिवसाच्या सहली मिळतात. स्वतःच्या पायांवर भरवसा असेल तर आणखी एक वाट आहे. समुद्रकाठच्या पोर-ला-नूवेलपासून फ्वापर्यंत सुमारे 250 किलोमीटरची खुणा केलेली पायवाट आहे, ती यातल्या बऱ्याच किल्ल्यांना जोडत जाते. सगळी करायची गरज नाही; दोन किल्ल्यांमधला एखादा टप्पाही पुरतो.

पहिला दिवस: कार्कासॉन, पण थोडं सावधपणे

मुक्काम कार्कासॉनला टाका. जुन्या तटबंदीच्या आत राहणं महाग आणि गोंगाटाचं, खालच्या शहरात राहणं बरं. दुहेरी तट, 52 बुरूज, त्यावर निमुळती टोपीसारखी छपरं असं हे ठिकाण डोळे दिपवणारं आहे खरं, पण ते 1853 पासून व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने मोठ्या प्रमाणावर नव्याने उभं केलंय. उत्तरेकडच्या पद्धतीची पाटीच्या दगडाची छपरं त्याने इथे चढवली म्हणून त्याच्यावर टीकाही झाली. तरी सुरुवात इथूनच करा. पूर्ण किल्ला कसा दिसत असेल हे आधी डोळ्यांत बसलं, की पुढे पडक्या भिंती वाचणं सोपं जातं.

दुपारनंतर वेळ उरला तर उत्तरेला वीसेक किलोमीटरवर लास्तूर आहे. एकाच डोंगरसोंडेवर चार छोटे किल्ले, एकामागे एक. घरच्या ज्येष्ठांना चढ जमणार नसेल तर समोरच्या डोंगरावर गाडीने जाता येतं आणि तिथल्या सज्जावरून चारही किल्ले एका नजरेत येतात. फोटो तर तिथूनच चांगला मिळतो.

दुसरा दिवस: लाग्रास आणि तेर्म

सकाळी लाग्रासचा मठ. कार्कासॉनहून पाऊण तासाचा रस्ता, सगळा द्राक्षमळ्यांतून. ओर्बियू नदीच्या एका काठाला गाव, दुसऱ्या काठाला मठ, मध्ये जुना दगडी पूल. मठाला दोन दारं आहेत आणि नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात हा मठ दोन तुकड्यांत विकला गेला आणि आजही त्याचे दोन मालक आहेत. एक भाग सरकारी, दुसऱ्या भागात आजही संन्यासी राहतात. तिकीट वेगळं, वेळा वेगळ्या. दोन्ही बघायचे असतील तर संन्याशांच्या भागाची वेळ आधी बघा. प्रार्थनेच्या वेळी तो पर्यटकांसाठी बंद असतो. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत, फोन बंद ठेवावा. हे आपल्याला नवीन नाही, फक्त इथे कोणी हटकायला उभं नसतं.

दुपारी तेर्म. नाव कमी ऐकलेलं, अवशेषही फार नाहीत, पण मला हा किल्ला पाचांमध्ये सगळ्यात बोलका वाटतो. 1210 साली धर्मयुद्धाचा सेनापती सिमों द मोंफोर याने याला सुमारे चार महिने वेढा घातला. आतलं पाणी संपलं. मग पाऊस आला आणि टाकी भरली, पण त्या खराब पाण्याने शिबंदीत हगवण पसरली आणि माणसं रात्रीतून किल्ला सोडून पळाली. आपल्याकडे गडावर गेल्यावर जाणती माणसं पहिल्यांदा पाण्याची टाकी शोधतात, तेच इथेही करा. बुरूज आणि दरवाजे नंतर.

मठ कसा बघायचा

किल्ला आपल्याला सवयीने कळतो, मठ कळत नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

जवळपास प्रत्येक मठाचा गाभा म्हणजे एक चौकोनी अंगण आणि त्याभोवती खांबांची ओसरी. आधी तिथे जाऊन उभं राहायचं. एका बाजूला चर्च असतं. पूर्वेकडच्या ओसरीत सभागृहाचं दार: इथे रोज सकाळी सगळे जमत, मठाच्या नियमावलीतलं एक प्रकरण वाचलं जाई आणि दिवसाची कामं ठरत. त्याच्या वरच्या मजल्यावर झोपायची जागा, तिथून चर्चमध्ये उतरायला जिना, कारण रात्रीच्या प्रार्थनेला उठावं लागे. चर्चच्या समोरच्या बाजूला भोजनगृह आणि स्वयंपाकघर. पश्चिमेला कोठारं, आणि सिस्टर्शियन मठांत शेती-गुरं सांभाळणाऱ्या सेवक बंधूंची स्वतंत्र इमारत. प्रार्थना करणारे आणि राबणारे एकाच मठात, पण वेगवेगळ्या दारांनी ये-जा करणारे. ही मांडणी एका मठात नीट बघितली की पुढच्या मठात नकाशा लागत नाही.

हे सगळं शिकायला फोंफ्रुआदसारखी जागा नाही. नार्बोनपासून पंधराएक किलोमीटरवर, एका घळीत लपलेला, 1093 साली स्थापन झालेला. इथला एक मठाधिपती, जाक फूर्निए, पुढे बारावा बेनेडिक्ट या नावाने पोप झाला. दगड सोनेरी-गुलाबी आणि बांधकाम अगदी साधं. सिस्टर्शियन लोकांना नक्षी आणि रंग वर्ज्य होते, आणि तरी चर्चच्या खिडक्यांत लाल-निळ्या काचा झगमगताना दिसतात. त्या मध्ययुगातल्या नाहीत. 1908 साली गुस्ताव फाये या चित्रकार-संग्राहकाने हा मठ विकत घेतला आणि त्याच्या काळात त्या बसवल्या गेल्या. मठ अजून त्याच्याच वारसांकडे आहे. सेवक बंधूंची इमारत बघितल्याशिवाय बाहेर पडू नका. इथे किमान दोन तास द्या. ज्येष्ठांनाही चालेल अशी जागा आहे.

तिसरा दिवस: पेरपेर्त्यूज आणि केरिब्यूस

हा दिवस किल्ल्यांचा. कार्कासॉनहून जायला दीड तास लागतो, म्हणून आदल्या रात्री क्युक्युन्यां किंवा द्युइलाक गावात राहिलात तर उत्तम. दोन्ही किल्ले एकमेकांना दिसतात.

सकाळी लवकर पेरपेर्त्यूज. उंची 800 मीटरच्या आसपास, पण गाडी बरीच वर जाते आणि वाहनतळापासून वीस मिनिटांचीच चाल उरते. वाट कड्याच्या उत्तर अंगाने झाडीतून जाते. दगड लोकांच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेत, दव असेल तर घसरतात. साध्या स्पोर्ट्स शूजपेक्षा पकड असलेले ट्रेकिंगचे बूट बरे.

गड सुमारे 300 मीटर लांब, एका धारेवर ताणलेला. खालचा भाग जुना, त्यात छोटं चर्च. वरच्या टोकाला सां जोर्दी नावाचा बालेकिल्ला. मधल्या कड्यात कोरलेल्या पायऱ्या नवव्या लुईच्या 1242 मधल्या हुकमाने झाल्या असं मानतात. पेरपेर्त्यूज लढून घेतला गेला नाही. 1240 मध्ये तो राजाच्या हवाली झाला. त्या पायऱ्या एका बाजूने उघड्या आहेत. हरिहरच्या पायऱ्या चढलेल्यांना काही वाटणार नाही. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी खालच्या गडातच रमावं, काही बिघडत नाही. लहान मुलांचा हात सोडू नका. कठडे सगळीकडे नाहीत. बाबागाडी तर वाहनतळावरच ठेवायची.

दुपारचं जेवण खाली गावात, मग केरिब्यूस. 728 मीटर उंच, एकाच सुळक्यावर बसवलेला, म्हणून लहान. चढ पंधरा मिनिटांचा पण खडा. सगळ्यात वरच्या बुरुजात एक दालन आहे, ज्याचं सगळं छत एका खांबाने पेललंय, आणि तो खांब मधोमध नाहीच. बाहेर एवढा राकट किल्ला आणि आत इतकं नाजूक काम कशाला, हा प्रश्न पडतोच. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून पिरेनीजमधलं कानिगूचं शिखर आणि भूमध्य समुद्र दोन्ही दिसतात. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या तासभर आधी संपतो, हे ध्यानात असू द्या.

अंगात ताकद आणि हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर पुइलोरांस. वाटेवर झाडांची सावली आहे, आणि शेवटच्या चढावर एकाआड एक भिंती घालून वाट नागमोडी केली आहे, म्हणजे चढून येणाऱ्यावर वरून सतत मारा करता यावा. गोमुखी दरवाजाची रचना ओळखणारा माणूस इथे बराच वेळ काढतो.

खाणंपिणं

गावातली हॉटेलं दुपारी बारा ते दोन जेवण देतात, मग स्वयंपाकघर बंद ते थेट सात-साडेसातनंतर. अडीच वाजता गड उतरून ‘काहीतरी द्या’ म्हणालात तर कॉफी मिळेल. म्हणून सकाळी बेकरीतून पाव, चीज, फळं घेऊन ठेवा. दुपारी बेकरीही बंद होते. गडांवर पाण्याची सोय धरू नका. माणशी दीड-दोन लिटर सोबत असावं.

इथला प्रसिद्ध पदार्थ कासुले म्हणजे पांढऱ्या बियांची मंद आचेवर शिजवलेली उसळ, पण त्यात बदक आणि डुकराचं मांस असतं. शाकाहाऱ्यांनी ‘सां व्यांद, सां पुआसों’ म्हणावं, म्हणजे मांस नको, मासे नकोत. बहुतेक वेळा गरम बकरीच्या चीजचं सॅलड समोर येतं आणि ते चांगलं असतं. काहीही मागण्याआधी ‘बोंजूर’ म्हणायचं. ते न म्हणता सुरुवात केली तर समोरचा माणूस थंड होतो. घरून चिवडा, चकली, गूळपोळी खुशाल न्या. पेढे, बर्फी, खव्याचं काही नको. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशांना दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

मोंसेग्यूर: वेगळा दिवस काढून

हा कोर्बिएरमध्ये नाही, पश्चिमेला आरिएज भागात, कार्कासॉनहून दीड तासावर. 1207 मीटर उंच. मे 1243 ते मार्च 1244 असा वेढा चालला. शेवटी शरणागतीच्या अटी ठरल्या, पंधरा दिवसांची मुदत मिळाली, आणि 16 मार्चला धर्म न सोडणाऱ्या दोनशेहून जास्त कॅथारांना जाळलं गेलं. चढाच्या सुरुवातीलाच कुरणात त्यांचं स्मारक आहे. पुढे अर्धा तास दमछाक करणारी वाट, पायाखाली सुटे दगड.

वर मात्र अपेक्षा बेताची ठेवा. एक कोट आणि एक बुरूज, बस. तोही वेढ्यानंतर नव्या सरदाराने बांधलेला. इथे सूर्यमंदिर होतं, उन्हाळी अयनाला किरण नेमके अमुक खिडकीतून जातात, येशूचा पवित्र प्याला इथेच लपवला, अशा पुष्कळ कथा कानावर पडतील. भिंतीच नंतरच्या आहेत म्हटल्यावर कॅथारांनी खिडक्या सूर्य बघून ठेवल्या, हे कसं मानायचं?

आणि एक मठ, जो चढून जावा लागतो

शेवटी सें-मार्तें-द्यू-कानिगू. पेर्पिन्यां शहराच्या बाजूला, कास्तेय गावाच्या वर, 1055 मीटरवर. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला गिफ्रे नावाच्या सरदाराने बांधवला आणि पुढे स्वतःच इथे संन्यासी होऊन राहिला. 1428 च्या भूकंपात मोडला, राज्यक्रांतीनंतर ओस पडला, आणि 1902 पासून एका बिशपने तो पुन्हा उभा केला.

पर्यटकांच्या गाड्या वर जात नाहीत. गावापासून पाऊण तासाचा चढ, रस्ता पक्का पण तीव्र. आत फक्त मार्गदर्शकासोबत जाता येतं आणि फेऱ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, तेव्हा वेळ बघून त्याच्या तासभर आधी खालून निघा. उशीर झाला तर पुढच्या फेरीपर्यंत दाराबाहेर बसावं लागतं. परतताना प्राद गावाजवळ सें-मिशेल-द-क्युक्सा मठ लागतो. त्याच्या गुलाबी संगमरवरी ओसरीतले कितीतरी खांब तिथे नाहीत. ते न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात आहेत.

राहिली गोष्ट फोटोची. कड्याच्या टोकावर बसलेला सें-मार्तें, मागे दरी, असा जो फोटो सगळीकडे दिसतो तो मठाच्या आवारातून निघत नाही. त्यासाठी मठाच्या वरच्या अंगाला जाणारी पायवाट धरून आणखी थोडं चढावं लागतं. फेरीची वाट बघत बसण्यापेक्षा तो वेळ तिथे घालवा.